माणसाला दचकवायचं नाही

सर स्कूटरचा हॉर्न वाजवत नसत. सुरतच्या रिंग रोडवर कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या, टेम्पो, रिक्षा आणि माणसं एकमेकांना घासून चालतात. तिथे हॉर्न न वाजवता स्कूटर चालवायची म्हणजे पायी जाण्यापेक्षाही सावकाश जायचं. मी मागे बसलेली असायचे. पुढे एखादा हातगाडीवाला गाडी आडवी लावून बिडी पेटवत असायचा आणि सर त्याच्या मागे पाय टेकून उभे. फारच झालं तर खोकायचे.

"सर, वाजवा ना," मी म्हणायचे.

"काहून? दचकेल ना तो."

मागून रिक्षावाले आम्हाला गुजरातीत आणि हिंदीत नको नको ते बोलत. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचे. ओळखीचं कुणी बघू नये एवढीच इच्छा असायची.

सर अकोल्याकडचे. सुरतेला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आधी ते एका मराठी शाळेत गणित शिकवत. नव्वदच्या सुमारास कुठूनसे कॉम्प्युटर शिकले, शाळा सोडली आणि एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहायला लागले. मी लग्न होऊन चाळीसगावकडून सुरतेच्या डिंडोली भागात आले होते. नवरा लूमच्या कारखान्यात फिटर. बी.एस्सी. झालेली होते, एक डिप्लोमा केला होता, पण गुजराती धड येत नव्हती म्हणून कुणी घेत नव्हतं. सरांनी घेतलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्याला कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, इंग्रजीत कुणी बोललं तर. ते म्हणाले, "मग आपलं जमेल. इथे कुणी बोलत नाही."

ते सगळ्यांना आपण म्हणत. मला, चहावाल्याला, लिफ्टवाल्यालाही. कॉम्प्युटरसमोर बसताना चपला दाराबाहेर काढत आणि खुर्चीवर मांडी घालून बसत. दारात आले की आधी खोकत, मग आत येत. माझ्या हातून काही चुकलं तर चुकलं असं म्हणत नसत. पडद्याकडे बघून म्हणत, "हे असंही होऊ शकतं. पण आपल्याला तसं नकोय."

नव्या माणसाला प्रोग्राम शिकवायचा असला की त्याला खुर्चीवर बसवत, चार गोष्टी सांगत आणि स्वतः खोलीबाहेर जाऊन दाराआड उभे राहत. शेजारी कुणी उभं असलं की हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून ते नुसता बटणांचा आवाज ऐकत. टक, टक, मग लांबलचक शांतता, असं झालं की मला हळूच म्हणायचे, "घाबरलेत. जा, पाणी द्या."

शाळा का सोडली असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा म्हणाले, फळ्यासमोर खडू धरून उभी राहिलेली पोरं पाहवेनात. उत्तर येत असतं, पण शेजारच्या वर्गातून दुसऱ्या मास्तरांचा आवाज येतो आणि पोराचा हात थांबतो. "घाबरलेला माणूस चूक करत नाही बाप्पा. तो काहीच करत नाही."

आणि मग ते मेहताजींचं प्रकरण झालं. आमच्याच मार्केटमधल्या एका पेढीवर एक वयस्कर मेहताजी हिशेब लिहायचे. पेढीच्या मालकानं हौसेनं कॉम्प्युटर घेतला आणि सरांनी त्यात प्रोग्राम बसवून दिला. एके दिवशी मेहताजी काही टाइप करत असताना पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. ती तेव्हाच्या सगळ्या कॉम्प्युटरवर येत असे. या प्रोग्रामनं इल्लीगल काम केलं आहे, तो बंद करण्यात येईल, असा तिचा अर्थ. मेहताजींना त्यातला एकच शब्द कळला, इल्लीगल. ते उठले, टोपी घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. पोलीस येतील म्हणून घरात बसून राहिले होते. सर त्यांच्या घरी गेले, समजावून सांगितलं, पण मेहताजी काही पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत.

मार्केटमध्ये लोक ही गोष्ट सांगून हसत. सर हसत नसत. "एवढा म्हातारा माणूस, आणि मी त्याला घरात लपायला लावलं," एवढंच म्हणत.

त्यानंतर त्यांनी नियम केला. आपल्या प्रोग्राममध्ये माणसाला घाबरवणारी एकही सूचना येणार नाही. लाल रंग बंद. घंटीसारखा आवाज बंद. प्रोग्रामच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर एक ओळ टाकायची, तिचा अर्थ असा, की काही बिघडलं तर थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ती ओळ टाइप करायचं काम माझ्याकडे असे. आणि शेवटी, माणसानं माहिती भरून बटण दाबलं की निळ्या चौकटीत गुजरातीत दोन वाक्यं येत, 'आभार. आपनी माहिती सचवाई गई छे.' त्यातला शब्द त्यांनी खूप विचार करून निवडला होता. सचवाई. नुसतं ठेवलं नाही, नीट जपून ठेवलं. मिलमधल्या माणसांना तो निरोप आवडायचा. एका मिलमधला गोडाऊनवाला तर त्या चौकटीला हात जोडायचा.

पांडेसऱ्याला एक रंगाई-छपाईची मिल होती. व्यापारी तिथे कोरं कापड पाठवत. प्रत्येक खेपेला एक लॉट नंबर मिळे आणि त्या लॉटला कोणता रंग द्यायचा ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलं जाई. आमच्या प्रोग्रामनं तिथे दोन कॉम्प्युटर जोडलेले होते. एक गोडाऊनमध्ये, आलेला माल नोंदवायला. दुसरा ऑफिसमध्ये. व्यापाऱ्याचा फोन आला की रंग बदलायचा आहे, की ऑफिसमधला माणूस तो लॉट उघडून रंग बदलायचा. रंगखात्यात त्यावरून चिठ्ठी निघायची.

ऑफिसच्या त्या कॉम्प्युटरवर लता होती. मिलमध्ये लताबेन. ती डिंडोलीत आमच्या पुढच्या गल्लीत राहायची. अमळनेरकडची, दहावी झालेली, नवरा लूमवर. तिच्या घरात ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. सकाळी साडीला पिन लावून, डबा घेऊन निघाली की गल्लीतल्या बायका बघायच्या. सर दाराआड उभं राहून तिच्या बटणांचा आवाज ऐकत आणि खूश होत. "ऐका," मला म्हणत, "किती सरळ वाजतंय. हिला कुणी लहानपणी मारलं नसेल."

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी मिलमध्ये तीन पाळ्या चालू होत्या. एका व्यापाऱ्यानं साड्यांचा मोठा लॉट पाठवला, रंग मेंदी. दोन दिवसांनी फोन केला, मेंदी नको, राणी गुलाबी करा. लतानं बदल केला. लॉट रंगून बाहेर आला तो मेंदीच. व्यापारी मिलच्या शेठच्या केबिनमध्ये येऊन साडी टेबलावर टाकून गेला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकाचं तसंच झालं. मग तिसऱ्याचं. मॅनेजरचं म्हणणं पडलं, की गर्दीच्या दिवशीच असं होतं, म्हणजे गर्दी झाली की बाईचं लक्ष राहत नाही. लता म्हणत होती, मी बदललं होतं, आभारची चौकट आली होती. मॅनेजर म्हणाला, मग रंग आत का दिसत नाही?

शेठनं सरांना बोलावलं. मीही गेले. सरांनी पूर्ण दुपार घातली. लॉट उघडला, रंग बदलला, चौकट आली, बंद केला, पुन्हा उघडला. रंग बदललेला. पुन्हा केलं. पुन्हा बदललेला. कितीतरी वेळा करून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. त्या दुपारी माल यायचा नव्हता आणि गोडाऊनचा माणूस आपला कॉम्प्युटर बंद करून घरी गेला होता, याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटणार?

केबिनमध्ये शेठ, मॅनेजर, सर, मी आणि दाराजवळ उभी असलेली लता. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं नीट विचारलं, "साहेब, एक वात कहो. कॉम्प्युटर भूली जाय खरुं?"

सर म्हणाले, "ना शेठ. कॉम्प्युटर भूले नहीं." कॉम्प्युटर विसरत नाही.

लता त्यांच्याकडे बघत होती. सरांना ते जाणवलं असावं. त्यांनी आवाज आणखी मऊ केला आणि म्हणाले, "लताबेन थाकी गयां हशे. कामनी दोडधाममां एवुं थाय." मग तिच्याकडे वळून मराठीत, "आपण थकल्या असाल. मनाला लावून घेऊ नका. होतं असं."

मी खाली फरशीकडे बघत राहिले. सर किती सांभाळून बोलले असं तेव्हा वाटलं होतं, आणि तरी मला मान वर करता येईना.

शेठनं तिला काढलं नाही. घडीखात्यात पाठवलं. तिथे लांब टेबलांवर बायका उभ्या राहून तयार कापडाच्या घड्या घालतात. ऑफिसची पंख्याखालची खुर्ची गेली आणि सकाळची साडीची पिनही गेली. घडीखात्यातल्या बायका तिला कॉम्प्युटरवाली म्हणून हाक मारत. ऑफिसच्या खुर्चीवर शेठचा पुतण्या बसू लागला.

मला ती एका संध्याकाळी डिंडोलीत भाजीबाजारात भेटली. मेथी निवडत उभी होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती आमच्या घरच्या भाषेत, अहिराणीत म्हणाली, "ताई, मना हातवर मनाच भरोसा नही राह्यना आते. गॅस बंद करा का नही, परत परत जाईसन देखस. दायमा मीठ टाकं का नही, ध्यानमा राहत नही. मी बदलं व्हतं असं माले वाटस. पन सर सांगतस म्हनजे मीच चुकनू व्हसू."

मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

मग शेठच्या पुतण्याच्या हातूनही तेच झालं. पुन्हा गर्दीचा दिवस, पुन्हा जुन्याच रंगात निघालेला लॉट. या वेळी कुणी म्हणालं नाही की मुलगा थकला असेल. शेठचा फोन आला, "छोकरो नवो छे, पण एटलो नवो नथी. मशीन जोई लो."

स्कूटरवरून जाताना उधन्याच्या रेल्वे फाटकापाशी आम्ही अडकलो. तिथे मी सरांना लताचं सांगितलं. गॅसचं, मिठाचं, सर सांगतात म्हणजे मीच चुकले असेन हे तिचं म्हणणं. सरांनी मान वळवली नाही. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे लोक ओरडू लागले, तरी ते जरा वेळ तसेच उभे होते.

मिलमध्ये पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखं एकट्यानं तपासलं नाही. मला म्हणाले, "आपण गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर बसा. गर्दीच्या दिवशी तिथला माणूस काय करत असतो, तेच करा." दोन्हीकडे इंटरकॉम होता. मी आलेल्या मालाचा एक लॉट बदलासाठी उघडून ठेवला. सरांनी ऑफिसमध्ये त्याच्याच पुढच्या नंबरचा लॉट उघडला आणि रंग बदलला. इंटरकॉमवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चौकट आली," ते म्हणाले. "आभार." मग बटणं वाजली. मग म्हणाले, "बंद करून पुन्हा उघडला. जुनाच रंग आहे."

मी पडद्यावरचा नंबर पाहिला.

"आपण कोणता लॉट उघडलाय?"

"त्याच्या आधीचा."

"बंद करा." बटणांचा आवाज. "आता बदलला. आता उघडा पाहू पुन्हा." पुन्हा बटणं. "आता नाही बदलला."

असं आम्ही करत राहिलो. मी शेजारचा लॉट उघडा ठेवला की त्यांचा बदल जायचा. मी बंद केला की राहायचा. आणि निळी चौकट दर वेळी यायची, दोन्ही वेळी, त्याच गोड शब्दांत. पडद्यावर सरांनी टाइप केलेला नवा रंगही तसाच दिसत राहायचा. पुन्हा उघडेपर्यंत कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

मी ऑफिसमध्ये गेले तेव्हा सर खुर्चीवर मांडी न घालता, पाय खाली सोडून बसले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं, पण मला वाटतं ते स्वतःलाच सांगत होते. कॉम्प्युटर एकेक लॉट सुटा ठेवत नाही, आगेमागे आलेले काही लॉट एकाच पानावर ठेवतो. एकानं त्यातला एक बदलायला घेतला की सगळं पान अडतं. दुसऱ्यानं त्याच पानावर लिहायचा प्रयत्न केला तर कॉम्प्युटर नाही म्हणतो. गर्दीच्या दिवशी दोन्हीकडे एकदम काम चालतं, आणि एकामागोमाग आलेले लॉटच हातात असतात.

"तो नाही म्हणत होता," सर म्हणाले. "दर वेळी सांगत होता. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, बिघडलं तरी थांबू नको, पुढे जा. आणि पुढे काय होतं? आभार."

ती पुढे जा म्हणणारी ओळ माझ्याच हातांनी टाइप झालेली होती. सरांनी तिचा उल्लेख केला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सर शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं. शेठनं ऐकून घेतलं. म्हणाला, "भूल पकडाई गई ने, साहेब? हवे सुधारी नाखो. वात पूरी." सर म्हणाले, घडीखात्यात जाऊन सांगितलं पाहिजे. शेठ कसनुसा झाला. व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं की मिलचा कॉम्प्युटर खोटं बोलतो, तर उद्या जो तो येऊन साडी टेबलावर टाकेल. शिवाय, तो समजुतीनं म्हणाला, तुमचा हाच प्रोग्राम आणखी मिलमध्ये आहे ना, तुमचंच नुकसान. लताबेनला मी हळूच परत बोलावतो, कारण सांगायची गरज नाही.

शेठ म्हणत होता ते खरं होतं, आणि सरांना ते मान्य करणं सोपं होतं. ते उठले, बाहेर येऊन चपला घातल्या आणि घडीखात्याकडे चालू लागले. मी मागे.

घडीखात्याला लागूनच कापड ताणून सुकवायची मशीन होती, तिचा घरघराट चालू असायचा. चाळीसएक बायका टेबलांशी उभ्या होत्या. काही आपल्या खानदेशी, काही गुजराती, काही यूपी-बिहारच्या. लता खिडकीजवळच्या टेबलावर होती. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि बोलायला लागले, पण मशीनच्या घरघराटात त्यांचा आवाज विरून गेला. बायका काय, काय करत वळल्या. तेव्हा मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलताना ऐकलं. आवाज फाटत होता.

"लताबाईंनी रंग बदलला होता. त्यांची चूक नव्हती. माझ्या प्रोग्रामनं तो ठेवला नाही, आणि ठेवला असं खोटं सांगितलं. त्यांनी खरं सांगितलं, मी त्यांना खोटं पाडलं."

मग तेच गुजरातीत. मग तेच मोडक्या हिंदीत. हिंदीत सांगताना त्यांना शब्द सापडेना, आणि एक बिहारी बाई त्यांना मदत करायला लागली, "गलती आपकी थी, यही ना?" सर म्हणाले, "हां. मेरी."

बायकांत कुजबुज झाली. कुणी तरी हसलंही. सर तिथे हात जोडून उभे होते आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. एवढा सभ्य माणूस, आणि बायका त्याच्याकडे एखाद्या पकडलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

लताचे हात थांबले नव्हते. हातातली घडी पुरी करून तिनं ती गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडले असते ना, तर मी भांडली असती. सगळ्यांसमोर भांडली असती. तुम्ही गोड बोलले. थकल्या असाल म्हणाले. म्हणून मला ते खरं वाटलं."

तिनं पुढचं कापड ओढून घेतलं.

त्यानंतर सर एकेका मिलमध्ये जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी शेठला सांगायचे, माझा प्रोग्राम गर्दीत बदल गाळतो आणि आभार म्हणतो, आधी कुणावर ठपका आला असेल तर तपासा. मी म्हटलं, सर, आधी दुरुस्त करून घेऊ, मग सांगू. ते म्हणाले, दुरुस्त झाल्यावर कोण ऐकतं. काही मिलवाल्यांनी तिथल्या तिथे आमचा प्रोग्राम काढून टाकला. एकानं तर सरांना ऑफिसात बसूही दिलं नाही. पुढे जा म्हणणारी ओळ मी आणि सरांनी जागोजाग शोधून खोडली. आता लिहिल्यावर कॉम्प्युटर ते पुन्हा वाचून बघायचा आणि जुळलं नाही तर पडद्यावर लाल अक्षरांत स्पष्ट यायचं, 'माहिती सचवाई नथी. भूल आपनी नथी.' माहिती राहिली नाही, चूक आपली नाही. लाल रंग सरांनीच निवडला. पहिल्यांदा तो पडद्यावर आला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

दोनेक वर्षांनी त्यांनी दोन्ही खोल्या सोडल्या आणि अकोल्याला गेले. मोठ्या कंपन्यांचे तयार प्रोग्राम यायला लागले होते, आमचं काम तसंही कमी झालं होतं. पण ते फक्त त्यामुळे गेले असं मला कधी वाटलं नाही. शेवटी शेवटी नव्या माणसाला शिकवायला ते स्वतः जात नसत, मला पाठवत. तिकडे गेल्यावर दिवाळीला एक फोन यायचा. माझी, माझ्या मुलांची चौकशी व्हायची. लताचं नाव कधी निघायचं नाही, आणि ते निघू नये म्हणून दोघंही जपून बोलायचो. मग फोनही थांबले.

घडीखात्यातल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी सर डिंडोलीत आले होते, ते मात्र मला विसरता येत नाही. शेठनं लताला परत ऑफिसात घ्यायचं कबूल केलं होतं, आणि ते सांगायला सरांना स्वतः जायचं होतं. घर दाखवायला मी बरोबर गेले.

लताचं घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. नवरा पाळीवर गेलेला. सासू खाटेवर बसून लसूण सोलत होती. सर दारात उभे, आत येईनात. लतानं खुर्ची पुसून दिली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसले. शेठचा निरोप सांगितला. लता म्हणाली, मंगळवारपासून येते. पगाराची गरज होतीच. सरांनी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं तशी ती उठून गॅसकडे गेली आणि चहा ठेवला.

सासूनं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सुनेला विचारलं, आवाज जरासुद्धा न दाबता, "हाऊ तोच शे का वं, जेनामुये तुले घड्या घालाले लाई दिन्हं?"

सरांना अहिराणी समजत नव्हती. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हातारीनं ऐकवायचं ठरवलं असतं तर गल्ली गोळा झाली असती.

लता पाठमोरी होती. ती कपात चहा गाळत म्हणाली, "नही, आत्याबाई. तो दुसरा व्हता. ह्या मना सर शेतस. ह्यासनीच माले कॉम्प्युटर शिकाडं."

म्हातारीचा चेहरा निवळला. तिनं लसणाचे हात पदराला पुसले आणि सरांना हात जोडले. सरांनीही जोडले. लतानं आतल्या डब्यातून बिस्किटं काढून बशीत ठेवली आणि सर ती खाईपर्यंत समोर उभी राहिली.

बाहेर आल्यावर सर स्कूटरची किल्ली हातात धरून थांबले.

"त्या माझ्याविषयी काही विचारत होत्या ना? लताबाई काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. म्हातारीचा प्रश्न सांगितला आणि लताचं उत्तरही, शब्दाला शब्द.

सरांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. गल्लीतली पोरं आमच्याकडे बघत होती. सरांचे कान लाल झाले होते, मान खाली गेलेली. म्हणाले, "हे आपण मला सांगायला नको होतं."

मग त्यांनी स्कूटर ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि तिथून सुरू केली.